कोरी स्लाइड

मंगळवार, ४ जून

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच टाकून देणार असशील, तर जरा थांब. हे कामाचं पत्र आहे. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. मावशीकडून एवढंच कळलं की तू एका मोठ्या रंगाच्या दुकानात शेड मिसळून देतेस, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. काउंटरवर वाचायचं नसेल तर खिशात घाल आणि घरी जाऊन वाच.

अठ्ठावीस तारखेला मी रिटायर होते आहे. खरं म्हणजे मला करताहेत, माझं मत कोणी विचारलेलं नाही. त्याआधी माझ्या सगळ्या स्लाइड्स यादीसकट संग्रहाकडे द्यायच्या आहेत. संग्रह सांभाळणाऱ्या बाई तू गेल्यानंतर आल्या. कपाट लावलं की दोनदा ओढून बघतात, म्हणून मी त्यांना कुलूपवाली म्हणते, अर्थात मनातल्या मनात. त्यांनी छापील तक्ता दिलाय. स्लाइडचा क्रमांक, दगड कुठल्या थरातला, तयारी कोणी केली, कोरा नमुना होता की नाही आणि शेवटी शेरा. एकूण चार हजार दोनशे अकरा स्लाइड्स. यादीवर माझी सही पडली की कपाट बंद, आणि त्यात लिहिलं असेल तेच पुढे खरं.

कुलूपवालीने परवा विचारलं, इतकी वर्षं तुम्ही नेमकं काय करत होता हो? मी सांगितलं, दगड ॲसिडमध्ये विरघळवायचा, उरलेला गाळ चाळायचा आणि त्यात जे बुरशीचे बीजाणू सापडतील, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, त्यांना नावं द्यायची. ती हसली. हसण्यासारखंच आहे म्हणा. ती बुरशी केव्हाच नाहीशी झाली, बीजाणूचे आईबाप कोण हे कळायला मार्ग नाही, मग नुसत्या रूपावरून जात ठरवायची. पेशी किती, मधले पडदे केवढे जाड, छिद्र आहे का, असलं तर कुठल्या टोकाला, भिंत गुळगुळीत की खरखरीत, आणि रंग तपकिरी तर कुठला तपकिरी. या शेवटच्या प्रश्नाला तुझ्याइतकं नेमकं उत्तर कोणाला देता यायचं नाही. रंगाच्या दुकानाला तू पावलीस असं समजायला हरकत नाही.

कोऱ्या नमुन्याचा रकाना कशाला, हे काही तिला कळेना. मग तेही सांगितलं. दगडांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक भांडं बिनदगडाचं ठेवायचं. तेच ॲसिड, तेच पाणी, तीच चाळणी, फक्त दगड नाही. त्याची स्लाइड करून बघायची. तिच्यात बीजाणू दिसला तर तो दगडातला नव्हे, आपल्या खोलीतली घाण. तू हे एकदाही चुकवलं नाहीस, आणि मी तुला चिडवायचे की ही बया रिकामी भांडी उकळत बसते.

म्हणून विचारायचं होतं. बत्तीस नंबरच्या पेटीतली खेप, बोअरमधून निघालेल्या काळ्या चिखलदगडाची, तुला आठवतच असेल. तिच्याबरोबर तू कोरा नमुना केला होतास का? मला नक्की आठवत नाही. एका ओळीत कळवलंस तरी चालेल, म्हणजे मला रकाना भरता येईल.

तुझी ॲसिडची खोली आता स्टेशनरीसाठी वापरतात. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात प्रिंटरचे कागद रचलेत. दगड आता बाहेर पाठवतात आणि गाळाच्या बाटल्या खोक्यातून परत येतात. आमच्या मजल्यावर दिवसभर मी एकटीच असते. नळ मात्र अजून तसाच गळतो.

ताई


मंगळवार, ११ जून

बारके,

आठवडा झाला. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच चालले होते, तरी टपालाची वेळ झाली की जिना उतरून खाली जाते आणि काहीतरी काम असल्यासारखं दाखवून परत येते. पहारेकऱ्याने काल विचारलं, मॅडम, काही हरवलंय का?

तू गेलीस तेव्हा आपलं धड बोलणं झालंच नाही. तेव्हा माझ्या बाजूने काय घडलं ते एकदा लिहून टाकते.

त्या काळ्या दगडात मला तो बीजाणू सापडला. चार पेशींचा, गडद तपकिरी, आणि तिसऱ्या पेशीची भिंत आतून जाड. तसा आजवर कोणी वर्णिलेला नव्हता. एक नाही, चौदा सापडले. तीन आठवडे मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. चित्र मी स्वतः काढलं. नवी जातच नव्हे, नवं कूळ म्हणून छापलं, चार खोल्यांचं घर अशा अर्थाचं लांबलचक लॅटिन नाव दिलं. पेपरवर नाव माझं एकटीचं आणि शेवटी तयारीबद्दल तुझे आभार, एक ओळ.

पाच महिन्यांनी त्या दूरदेशीच्या तज्ज्ञाचं पत्र नियतकालिकात छापून आलं. आपण ज्याला उंटावरचा शहाणा म्हणायचो तोच. त्याने लिहिलं, तिसऱ्या पेशीची भिंत जाड नाही, त्या पेशीत ऐवज आहे. जीवाश्म बीजाणू आतून रिकामा असतो. त्यात काही उरलं असलं तरी ॲसिडमधून निघाल्यावर उरत नाही. तेव्हा ही आजची बुरशी आहे, कुठल्याही ओल्या भिंतीवर येते ती, आणि बाईंनी आपल्याच प्रयोगशाळेतल्या घाणीचं बारसं केलं आहे. आमच्या धंद्यात माणसं मोजून पाच-सहाशे असतील. सगळी हसली.

पुढचं तुला माहीत आहे. साहेबांनी बोलावलं. पेपर मागे घेतला. कारण लिहिलं, तयारीच्या वेळी हलगर्जीपणाने झालेली भेसळ. तयारी तुझ्याकडे होती आणि तुझी नेमणूक वर्षावर्षाची. ती पुढे वाढवली नाही. त्यानंतर जिथे अर्ज केलास तिथे तुझ्याआधी तो कागद पोचला, हे मला उशिरा कळलं. पण लिहिलं साहेबांनी, ठरवलं साहेबांनी. मी काय करणार होते?

आता बातमी. काल खालचा ड्रॉवर उपसताना बत्तीसच्या खेपेची कोरी स्लाइड सापडली. तुझ्या अक्षरात तारीख आहे. लेन्सखाली धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली. काही नाही. लख्ख आहे. म्हणजे तुझं ॲसिड, तुझं पाणी, तुझी चाळणी, सगळं स्वच्छ होतं. अकरा वर्षांनी का होईना सापडली. तुला बरं वाटेल म्हणून कळवलं.

ताई


शुक्रवार, १४ जून

बारके,

मागचं पत्र पेटीत टाकून दहा पावलं गेले असेन नसेन, तोवर कळलं की आपण परत तेच केलं. पेटीच्या फटीत हात जात नाही. जात असता तर काढून घेतलं असतं.

ड्रॉवरमध्ये मला काही सापडलं नाही. ती स्लाइड माझ्या घरी आहे. शिवणाच्या मशीनच्या खणात, लोकरी हातमोज्यात गुंडाळून ठेवलेली. अकरा वर्षं तिथेच आहे. मधे दोनदा घर बदललं. दोन्ही वेळा सगळं सामान गाडीत गेलं, ती मात्र मी पर्समधून नेली. आणि तू कोरा नमुना केला होतास का, हे मी तुलाच विचारते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आता नीट सांगते. एका दमात सांगते, नाहीतर परत वळसा घालीन.

ॲसिडपासून चाळणीपर्यंतचं काम तुझं. गाळाची बाटली तू माझ्या टेबलावर आणून ठेवलीस की पुढचं माझं. थेंब स्लाइडवर घ्यायचा, जेली घालायची, वरून काच बसवायची. कोऱ्या नमुन्याची स्लाइड मात्र तू स्वतः करायचीस, तुझ्या बाटलीतल्या जेलीने. तुझ्या जेलीत फिनॉल असायचं. माझ्या जेलीत नव्हतं. त्या वासाने माझं डोकं उठतं हे तुला ठाऊक आहे. त्या वर्षी मी फिनॉल घालणंच बंद केलं आणि कोणाला बोलले नाही. फिनॉल नसलेली जेली उघडी राहिली की तिच्यावर बुरशी धरते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. माझ्या बाटलीतही धरली. वर पातळ करडी साय आली होती. मी ती चमच्याने काढली आणि खालची जेली वापरत राहिले, घरी दुधाचं करतो तसं. सगळं आयुष्य बुरशीवर काढलेली बाई मी.

शहाण्याचं पत्र वाचलं त्याच दुपारी मी माझ्या जेलीचा नुसता थेंब स्लाइडवर घेतला, गाळ न घालता. पहिल्याच नजरेत नऊ दिसले. चार पेशी, गडद तपकिरी, तिसरी भरलेली. मी ती बाटली गरम पाण्याने तीनदा धुतली. मग तुझ्या ट्रेमधून बत्तीसची कोरी स्लाइड उचलली. ती स्वच्छ निघाली. ती स्वच्छ असणं म्हणजे घाण तुझ्याकडून आलेली नाही, माझ्याकडून आली आहे. ती मी खिशात घातली. हे सगळं साहेबांनी बोलावण्याच्या दोन दिवस आधीचं आहे, बारके. घाबरून त्या क्षणी तोंडातून निघालं, असं म्हणायचीही सोय नाही.

साहेबांनी तुला कोरा नमुना मागितला. ट्रेमध्ये आहे, आणते, म्हणून तू गेलीस. बराच वेळ लागला. परत येऊन दारातच उभी राहिलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मग साहेबांनीही माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले,

"या खेपेला तिने केला नव्हता."

मागे घेण्याचा मसुदाही माझाच. साहेब म्हणाले होते, चूक झाली एवढं लिहा. हलगर्जीपणा हा शब्द मी घातला. मला वाटलं, नुसती चूक म्हटलं तर लोक विचारतील कोणाची.

विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती, हे खरंच आहे, आणि हे कोणालाही समजेल. पण त्याच्याखाली दुसरं आहे, ते तुझ्याशिवाय कोणाला समजायचं नाही. पेपर छापायला जायच्या आधी एकदा जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या मायक्रोस्कोपला डोळा लावलास आणि म्हणालीस, ताई, तिसऱ्या पेशीत काहीतरी आहे गं. मी म्हटलं, तू आपल्या चाळण्या धू. तीन आठवडे बघूनही जे मला दिसलं नाही ते तुला घास गिळता गिळता दिसलं. पदव्या माझ्याकडे, खुर्ची माझ्याकडे आणि नजर तुझ्याकडे. ते मला सहन झालं नाही. धाकट्या बहिणीचा मत्सर वाटतो, हे लिहायला मला पंचावन्न ओलांडावी लागली.

तुझ्या डाव्या अंगठ्यावर ॲसिडचा डाग होता, नखाखाली. तो अजून दुखतो का थंडीत?

ताई


गुरुवार, २० जून

बारके,

आईबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

तुझी नोकरी गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली. मी बोलावलं नव्हतं, तिने आपणहून बॅग भरली. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, बारकीचं काय झालं? मी म्हटलं, तिच्याकडून चूक झाली, मी सांभाळून घ्यायचा खूप प्रयत्न केला. आईने हं केलं. त्यानंतर तिने तुझ्या नोकरीचा विषय काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हते. मी ऑफिसात असताना तू तिला भेटायला यायचीस, हे मला कळायचं. ओट्यावर दोन कप पालथे असायचे. एकीकडे राग यायचा आणि एकीकडे वाटायचं, बरं झालं, येते तरी.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्या दिवशी तू तासभर आलीस. आईपाशी बसलीस, मावशीशी बोललीस, शेजारणीने दिलेलं पाणी प्यायलीस आणि माझ्या अंगावरून निघून गेलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुला हाक मारायचा धीर झाला नाही.

आई गेली ती तुला निष्काळजी समजून गेली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेली. यादी दुरुस्त करता येईल, पेपर दुरुस्त करता येईल, हे मात्र आता कोणालाही दुरुस्त करता यायचं नाही. तुला लिहायला बसले की मी इथपर्यंत येते आणि माझा हात थांबतो.

सोमवारी नव्या साहेबांकडे गेले होते. माणूस चांगला आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सगळं सांगितलं, जेलीपासून मशीनच्या खणापर्यंत. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाला, मॅडम, तेव्हाचे साहेब आज हयात नाहीत, पेपर तर तुम्ही मागेच घेतलाय, आता हे उकरून कोणाचं भलं होणार? शेऱ्याचा रकाना कोरा सोडा. अठ्ठावीसला आपण छान निरोप घेऊ आणि एक तारखेपासून तुम्ही तुमच्या टेबलावर या.

टेबलाचं तुला माहीत नाही. रिटायर झाल्यावर मला मानद म्हणून खिडकीजवळचं टेबल आणि मायक्रोस्कोप द्यायचं ठरलंय. पगार नाही, पण किल्ली माझ्याकडे. मी हे लिहून दिलं तर टेबल राहणार नाही. साहेब तसं बोलला नाही, पण मी इतकी वर्षं ऑफिसात काढली आहेत, न बोललेलं मला वाचता येतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारची संध्याकाळ माझी इतकी सुखात गेली की काय सांगू. येताना फुलं घेतली आणि घरी येऊन गाणी ऐकली. मंगळवारी सकाळी उठून चहा केला, तर कप पुढ्यात निवून गेला.

बारके, मला खरंच भीती वाटते. त्या टेबलाशिवाय माझ्याकडे काही नाही. दोन खोल्या आहेत, एक शिवणाचं मशीन आहे ज्यावर मी शिवत नाही. फोन वाजतो तो कोणीतरी चुकून लावला म्हणून. सकाळी उठून मी कुठे जायचं? लोकांना नातवंडं असतात, देव असतो, गुडघेदुखी तरी असते. मला बीजाणू आहेत. चार हजार दोनशे दहा स्लाइड्सचे रकाने भरून झालेत आणि एक ओळ उरली आहे. पंचवीसला यादी द्यायची आहे.

हे तुला लिहून मी तुझ्याकडून परवानगी मागते आहे की काय, कोण जाणे. असं असेल तर तू देऊ नकोस.

ताई


गुरुवार, २७ जून

बारके,

लिहिलं.

पंचवीसला सकाळी लवकर गेले, शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. तोच नियतकालिकालाही पाठवला. नक्कल सोबत आहे, पण ती तांत्रिक भाषेत आहे, म्हणून त्यातलं मुख्य इथे उतरवते. दुसरी भाषा मला येत नाही, आयुष्यभर वर्णनंच लिहिली, तेव्हा हेही वर्णनासारखंच झालंय.

"बीजाणू चार पेशींचा, गडद तपकिरी, पडदे तीन. तिसऱ्या पेशीत ऐवज शाबूत. ही भिंतीची जाडी नव्हे. लेखिकेने तशी ती रंगवली. बीजाणू ॲसिडमधून गेलेला नाही, म्हणजे तयारीनंतर आलेला आहे. उगम: लेखिकेच्या वापरातली जेली, जिच्यात तिने फिनॉल घातलं नव्हतं. खेपेबरोबर कोरा नमुना केलेला होता आणि तो स्वच्छ आहे. तो लेखिकेने चौकशीपूर्वी काढून घेतला आणि केलाच नव्हता असं सांगितलं. तयारी करणाऱ्या सहकारी तिच्या धाकट्या भगिनी. त्यांच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नाही. छापण्यापूर्वी तिसऱ्या पेशीतला ऐवज त्यांनी लेखिकेला दाखवला होता."

कागदात तुझं नाव पूर्ण लिहिलंय, पदासकट. मूळ पेपरात आभारातसुद्धा नुसती आद्याक्षरं होती.

कुलूपवालीने कागद उभ्या उभ्या वाचला. तिने शिक्का मारला, तुझी स्लाइड बत्तीसच्या पेटीत तिच्या जागी ठेवली, कपाट लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. मग मला म्हणाली, बसा, पाणी देते.

साहेब रागावला नाही. टेबलाचं पुढे बघू म्हणाला. पुढे बघू म्हणजे काय, ते तुला आणि मला कळतं. उद्याच्या निरोपाला मीच नको म्हटलं. ज्यांनी भाषणं तयार केली होती त्यांची पंचाईत झाली असती. शेजारच्या विभागातल्या दोघी रोज डबा खायला हाक मारायच्या, त्यांनी काल आणि आज मारली नाही. त्यांचा राग नाही. माझ्याशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसणार, मलाही कळलं नसतं. दोन पिशव्यांत सगळं मावलं.

उंटावरच्या शहाण्यालाही ईमेलने एक प्रत पाठवली होती. त्याचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. मला जेलीचाच संशय होता, म्हणतो. मेला तेव्हा बोलला असता तर.

मला हलकं वगैरे वाटत नाही. लोक सांगतात तसं काही होत नाही. नुसतं खरं लिहिलंय आणि बाकी सगळं होतं तिथेच आहे, तू धरून.

ताई


मंगळवार, ९ जुलै

बारके,

तुझं पत्र काल दुपारी आलं. घरीच होते, आता घरीच असते. तू आठ ओळी लिहिल्या आहेस आणि त्या मला पाठ झाल्यात, तरी इथे उतरवते, कारण उतरवल्याशिवाय मला एखादी गोष्ट खरी वाटत नाही.

"ताई, पाचही पत्रं मिळाली. कागद वाचला. छापून येणार म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आईचं तू चुकीचं लिहिलं आहेस. स्लाइड तू उचललीस हे मला साहेबांच्या दारातच कळलं होतं, आणि आईला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू काही बोलू नकोस, मी तिच्याकडे राहायला जाते, माझ्यापाशी ती आपणहून सांगेल. शेवटी दवाखान्यात मी तिला विचारलं, ताई बोलली का? ती म्हणाली, अजून नाही. अंगठा दुखत नाही."

म्हणजे तिला पहिल्या संध्याकाळीच माहीत होतं. मी सांभाळून घेतलं म्हणाले आणि ती हं म्हणाली, तेव्हासुद्धा.

मला वाटायचं, मी थोरली, माझं घर मोठं, म्हणून ती माझ्याकडे आली. तुझ्यापेक्षा मला निवडलं म्हणून आली. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं, पण या गोष्टीची मला फुशारकी होती.

रोज संध्याकाळी जेवण झालं की ती रेडिओ बंद करायची आणि टेबलाशी तशीच बसून राहायची, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मी म्हणायचे, आई, पड ना जरा. ती म्हणायची, बसते गं थोडी. मला वाटायचं, म्हातारीला करमत नाही. म्हणून मी तिची करमणूक करायचे. साहेब जिन्यात कसा घसरला, कुलूपवालीने स्वतःलाच कसं आत कोंडून घेतलं, सगळं नकला करून सांगायचे. ती हसायची. हसून झालं की परत माझ्याकडे बघत बसायची. मग मी ताटं उचलून घासायला जायचे. नऊ वर्षं, बारके. एक दिवस नाही.

काल तुझं पत्र आल्यावर काही सुचेना. संध्याकाळी जेवण झालं, रेडिओ बंद केला आणि तिच्या खुर्चीसमोर बसले. रिकाम्या खुर्चीशी बोलणाऱ्या बायकांना मी आजवर हसत आले आहे. मग मोठ्याने सांगितलं. फिनॉलचं, सायीचं, स्लाइडचं, दारात तू उभी होतीस त्याचं, हलगर्जीपणा हा शब्द मी घातला त्याचं, तुझा मत्सर वाटायचा त्याचं. काही सोडलं नाही.

सगळं सांगून व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ताई